इटालियनमध्ये 'माझं' आणि 'थोडं' : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक वही, एक आरसा आणि पोटात थोडी भूक. भूक कशाला, ते पुढे कळेल.

आपण मराठी माणसं मालकीच्या बाबतीत फार चोखंदळ. पैसे 'माझ्याकडे' असतात, भाऊ 'मला' असतात, घर 'माझं' असतं आणि ताप पुन्हा 'मला'. इटालियन माणसाला एवढा वेळ नाही. पैसे, भाऊ, घर, ताप, सगळं तो 'आवेरे' या एकाच क्रियापदाच्या पिशवीत कोंबतो. मी, तू आणि तो यांची रूपं अनुक्रमे ओ, आय, आ. लिहिताना आधी एक 'एच' काढायचा आणि बोलताना तो गिळायचा. आरशासमोर सराव करा. तुम्ही कण्हताय असं वाटून शेजारी धावत आले, तर उच्चार जमला.

इटलीत भूक लागत नाही, ती जवळ असते : 'ओ फामे'. वयही तसंच. तिशीतला माणूस 'ओ त्रेन्तान्नी' म्हणतो. तीस वर्षं जणू मुदत ठेवीत टाकलेली. यातला 'न्न' मात्र दणकून म्हणा. एकेरी 'न' पडला, तर तुम्ही वय सोडून शरीराच्या अशा एका भागाची संख्या सांगता, जो प्रत्येकाला एकच असतो.

'मियो', 'मिया' सोपं आहे. माझा, माझी. वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. पण लगेच कॉलर ताठ करू नका. 'सुआ माद्रे' म्हणजे त्याची आई की तिची, हे व्याकरण सांगत नाही. गावाला माहीत असतं. शिवाय उपपदाची भानगड आहेच. गाडी 'ला मिया माक्किना', कुत्रा 'इल मियो काने', नवरा मात्र नुसता 'मियो मारीतो'. नवरा ही मालमत्ता नव्हे म्हणून, असं वाटून हळवे होऊ नका. एका बहिणीच्या दोन झाल्या की उपपद हजर : 'ले मिए सोरेल्ले'. एकटीलाच लाडानं 'सोरेल्लीना' म्हटलं, तरी हजर.

आता 'किती'. एक अंडं, 'उन वोवो', पुल्लिंगी. दोन झाली की 'दुए वोवा', स्त्रीलिंगी! लॅटिनमध्ये अंडं आपल्यासारखंच नपुंसकलिंगी होतं. इटालियननं ते लिंग मोडीत काढलं आणि अंड्याची पंचाईत झाली. 'क्वाल्के' म्हणजे काही, पण त्यापुढे नाम एकवचनीच : 'क्वाल्के लिब्रो', काही पुस्तक. "भाऊ किती?" असं कुणी विचारलं, तर नुसतं 'ओ दुए' चालत नाही, 'ने ओ दुए' म्हणा. त्या 'ने'चा अर्थ 'त्यातले'. तो विसरलात, तर समोरचा दोन काय, याची वाट बघत राहतो.

प्रात्यक्षिक बोलोन्यातल्या दुकानात करा. तिथे मोर्तादेल्ला नावाचं सॉसेज 'एत्तो'वर मागतात. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. तुम्ही रात्रभर घोकलेलं 'दुए एत्ती' म्हणता. दुकानदार यंत्रावर पातळ चकत्या पाडतो, कागदावर एकावर एक अलगद पसरतो. काटा २०० ओलांडतो, २३० वर थांबतो. दुकानदार हात वर धरून, अत्यंत निरागसपणे विचारतो, "के फाच्चो, लाश्शो?" काय करू, राहू दे?

'सी' म्हणा. मागच्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलंय.