आमच्या घराचा हाऊस इंडेक्स

स्वच्छता निरीक्षकाच्या डिप्लोमाला प्रवेश घेताना मी ‘समाजसेवा’ असं कारण सांगितलं. खरं तर मला अशी नोकरी हवी होती, की मी नुसतं बोट दाखवावं आणि समोरच्याने घाम पुसावा. मी हॉटेलात शिरल्यावर मालक गल्ल्यावरून उठतोय, भटारखान्यात झाकणं पडतायत, हे सगळं मी अर्ज भरतानाच डोळ्यांसमोर पाहून घेतलं होतं. सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की हॉटेलातलं अन्न तपासणं हे २००६ च्या कायद्याप्रमाणे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं काम. आपल्या वाट्याला कचरा, गटारं, डास आणि भल्या पहाटेची हजेरी.

गटारांशी माझं कधीच जुळलं नाही. डासांशी मात्र असं जुळलं, की नवऱ्याला काळजी वाटू लागली.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, सुट्टीवर आल्यासारखी आडवी पडून असते. क्युलेक्स आणि एडिस श्वासनळी वर धरून डोकं खाली लोंबकळतात. यातली एडिस, म्हणजे डेंगीवाली, खरी खानदानी. तिला घाण चालत नाही. स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. चावते तीही दिवसाढवळ्या. अंडी घालते भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या किंचित वर, आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसतं बदलून भागत नाही, भांडं घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. शिवाय ती फार लांब उडत नाही. तेव्हा आपल्याला चावलेली एडिस बहुतेक वेळा आपल्याच घरात लहानाची मोठी झालेली असते. हे मी एका डोहाळजेवणात सांगितलं. त्यानंतर मला अशा कार्यक्रमांची आमंत्रणं जरा कमीच येतात. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला तो दिवस २० ऑगस्ट १८९७. त्या तारखेला मी घरी शिरा केला. नवऱ्याने कारण विचारलं, आणि ऐकल्यावर वाटी सरकवून ठेवली.

पाहुणे आले की त्यांच्यासमोर नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ‘ओटी’ द्रावणाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की “वा, क्लोरीन आहे!” म्हणून उजळायचं, हेही सुरू झालं. पाहुणे चहासुद्धा न घेता उठत. शंभर घरांपैकी जितक्या घरांत अळी सापडेल तो हाऊस इंडेक्स. आमच्या बिल्डिंगचा इंडेक्स शून्यावर आणायचा मी विडा उचलला. फ्रीजमागचा ट्रे झाला, मनी प्लांटची बाटली झाली, वरच्या मजल्यावरचा कूलर झाला. राहिलं सासूबाईंचं निळं पिंप.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या या पिंपाबद्दल लग्न झाल्यापासून मला काही बोलायचं होतं. आता पाठीशी शास्त्र होतं. बॅटरी मारली, तर आत अळ्या वळवळत होत्या. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नसता.

“आई, हे सगळं पाणी ओतून द्यावं लागेल. दर आठवड्याला.”

“सांडून द्यायचं म्हंतीस? पाणी?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “येडी का काय तू!”

सासूबाई लातूरच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या तेव्हा तिथेच होत्या. अंघोळीचं पाणी खाली घमेल्यात धरायचं, त्यात फरशी पुसायची, उरलेलं संडासात. आम्ही इथून फोनवर ‘काळजी घ्या’ म्हणायचो. रोज नळ येणाऱ्या घरातही त्यांना भरल्या पिंपाशिवाय झोप येत नाही.

त्या रात्री पुस्तक उघडलं तर ‘लोक पाणी साठवतात’ हे वाक्य ‘चुकीच्या सवयी’ या मथळ्याखाली होतं, आणि उपाय होता जनजागृती. मला मनापासून चीड आली. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. तिथे जाऊन मी बायकांना दर आठवड्याला पिंप कोरडं करा म्हणून सांगायचं, ते कुठल्या तोंडाने? आणि दंडाची पावती फाडायचीच झाली, तर ती कोणाच्या नावाने?

शेवटी तह झाला. शनिवारी पिंपातलं पाणी गाळून कपडे, फरशी आणि कुंड्यांना; मग काथ्याने आतून घासायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भरून तोंडाला जुन्या नऊवारीचं फडकं घट्ट बांधायचं. एक थेंब सांडायचा नाही, ही त्यांची अट.

यातून एक गोष्ट झाली, जी माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. अंडी भिंतीला चिकटतात हे सासूबाईंना पटलं, आणि त्या बॅटरी घेऊन बिल्डिंगमध्ये फिरू लागल्या. हजेरी नाही, शिक्का नाही, ओळखपत्र नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यांची चाहूल लागताच कुंड्यांखालच्या ताटल्या पुसून ठेवतात. मी गेले की “बसा ना, चहा टाकते” म्हणतात.

परवा सेक्रेटरींनी जिन्यात गाठून गच्चीवरच्या टाकीची तक्रार सांगितली. मी पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

“नाही, तुम्ही कशाला तसदी घेताय,” ते म्हणाले, “आजी घरात आहेत का?”