हेल्मेट कोणाच्या ताब्यात?

"पाण्याच्या बाटल्या भरायला मास्टर्स?" हा आमच्या दाजींचा कायमचा प्रश्न. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, अमेरिकेत ओहायोमधल्या एका छोट्या कॉलेजात ॲथलेटिक ट्रेनर आहे. खेळाडूंना दुखापत होऊ नये म्हणून जपायचं, झालीच तर सगळ्यांच्या आधी मैदानात धावायचं आणि पुढे तो पोरगा पुन्हा खेळेपर्यंत त्याच्या मागे लागायचं, असं हे काम. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं या पेशाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून १९९० सालीच मान्यता दिली. दाजींची मान्यता अजून यायची आहे. आता तर मास्टर्सशिवाय या वाटेला नव्यानं जाताच येत नाही, वर परवान्यासाठी परीक्षा. पण फोटोत दिसतात त्या बाटल्याच.

मी गेलो ते ऑगस्टमध्ये. फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉलचा, सराव तेव्हाच सुरू होतो, कॉलेज उघडायच्या आधी. पहाटे साडेपाचला भाची खरोखरच पाणी भरत होती. शेजारी गेटोरेडचं पिंप. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड नावाच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी हे पेय बनवलं. खेळाडू इतके घामाघूम होतात तरी लघवीला का जात नाहीत, अशी शंका तिथल्या एका प्रशिक्षकानं काढली होती. पाणी, साखर, मीठ. पहिला घोट कुणाच्या घशाखाली उतरेना, तेव्हा केडबाईंनी लिंबू पिळायला सुचवलं. म्हणजे एवढ्या संशोधनाअंती विज्ञान आमच्या आईच्या उन्हाळी तांब्यापाशी येऊन पोचलं. आईनं पेटंट मात्र घेतलं नाही.

बर्फाची कथा आणखी मजेची. मुरगळलं की विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र गेब मर्किन या डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडलं आणि जगभर पाठ झालं. २०१४ मध्ये त्याच मर्किननी सांगितलं, की बर्फानं बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. भाचीच्या खोलीतलं बर्फाचं यंत्र अजून घरघरतंय. पोरांना बर्फ हवाच असतो, आणि दुखणं थोडं दबतं हेही खरं. मी आंबेहळदीचा लेप सुचवला. तिनं ऐकून घेतलं.

मैदानाच्या कडेला थंड पाण्याचा एक मोठा टब भरलेला असतो. उष्माघात झाला, की खेळाडूला आधी त्यात बुडवायचं, ॲम्ब्युलन्सची पाठवणी नंतर. इथे मिनिटं मोजावी लागतात. अशा वेळी तोंडातला किंवा काखेतला थर्मामीटर भरवशाचा नसतो. मग भरवशाचा कुठला, असं दाजींनी व्हिडिओ कॉलवर विचारलं. तिनं सांगितलं. दाजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या दिवसापासून मास्टर्सचा प्रश्न थोडा मवाळ झाला.

सरावाआधी घोट्यांची रांग लागते. एकेक पोरगा दाराएवढा, टेबलावर पाय सोडून बसलेला, आणि ही आमची पाच फुटी भाची दीड इंची पांढरी पट्टी त्याच्या घोट्याभोवती फिरवतेय. सुरकुती राहिली तर फोड येतो, जास्त आवळली तर पाऊल बधिर होतं. तिचा हात असा चालतो, की बघणाऱ्याला वाटावं यात काय मोठंसं! पाय तिच्या ताब्यात असल्यामुळे पोरांना पळता येत नाही, म्हणून ती बोलतात. झोप झाली नाही, संख्याशास्त्रात गचके बसताहेत, मैत्रिणीनं फोन उचलणं सोडलंय. सगळं सांगतात. लपवतात फक्त दुखणं, कारण ते सांगितलं की बाकावर बसावं लागतं.

आणि बसवणारी हीच. खेळाडूनं खेळायचं की नाही, हे वैद्यकीय माणसांनी ठरवायचं. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमांप्रमाणे त्यात प्रशिक्षकाचं चालत नाही. चालत नाही म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात तो लालबुंद होऊन शेजारी उभा असतो. डोक्याला मार बसल्याचा संशय आला, की ती पोराला महिने उलटे म्हणायला लावते, डिसेंबर, नोव्हेंबर, असे. मी मनात मराठी महिने उलटे म्हणून पाहिले आणि पौषानंतर अडखळलो, डोक्याला काहीही लागलेलं नसताना. मेंदूला धक्का बसलाय असं ठरलं, की त्या दिवशी परत खेळणं नाही. पण पोरं गर्दीतून हळूच मैदानात शिरतात, म्हणून ट्रेनर मंडळी पहिल्यांदा त्यांचं हेल्मेटच काढून घेतात. हेल्मेट नाही, तर खेळ नाही.

त्या दिवशी सरावात एक धडक झाली. भाची पळत गेली, त्याला बाहेर आणलं, प्रश्न विचारले आणि जाता जाता ते हेल्मेट माझ्या मांडीवर टाकलं. "मामा, हे धर. कुणालाही द्यायचं नाही."

दहा मिनिटांनी तो पोरगा आला. अदबीनं 'सर' म्हणाला, आपल्याला आता छान वाटतंय म्हणाला. मी मान हलवली. मग प्रशिक्षक आला. त्यानं 'सर' म्हटलं नाही. आता माझी बत्तीस वर्षं सहकारी बँकेच्या खिडकीमागे गेलेली आहेत, लालबुंद माणसं मी पाहिलेली आहेत. मी हेल्मेट काखेत घट्ट धरलं आणि मॅडमची सही आणायला सांगितली.