विकलंत ना? मग चालू राहू द्या

पुण्यात धायरी फाट्यावरच्या एखाद्या दुकानदाराने नऊ-दहा वर्षांपूर्वी विकलेला मिक्सर घरात शिरून परत नेला आणि पैशांचं नावही काढलं नाही, तर त्याच संध्याकाळी दुकानासमोर गर्दी जमेल. गेमच्या धंद्यात हे राजरोस चालतं. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम बाजारात आणला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशिवाय सुरू होत नव्हता. म्हणजे पूर्ण पैसे मोजलेल्यांची डिस्क कपाटात राहिली, गेम गेला.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: तुम्ही गेम घेतलाच नव्हता, वापरायचा परवाना घेतला होता, अटी वाचा. अटी वाचून नापसंत पडल्या तर गेम उघडतच नाही. ‘मान्य’ दाबण्यावाचून गिऱ्हाइकाला मार्ग ठेवायचा नाही आणि मग त्याच मान्यतेवर बोट ठेवायचं, ही दादागिरी आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला, की नुसता परवाना देत असाल तर विकतानाच तसं स्पष्ट सांगा. आपल्याकडे तेवढंही बंधन नाही.

धायरीत राहणाऱ्याला तर हे रोजच्या रोज बोचतं. वळवाचा पाऊस आला की आधी वीज जाते, पाठोपाठ इंटरनेट. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि कन्सोल चालतात. अशा वेळी कुणाशी स्पर्धा नाही, टीम नाही, असा एखादा गोष्टीचा गेम लावावा, तर पडद्यावर उमटतं: सर्व्हरशी संपर्क होत नाही. एकट्याच्या खेळाला सर्व्हर कशाला? म्हणे चोरी रोखायला. चोरीच्या प्रतीचं कुलूप आधीच तोडलेलं असतं, तिला इंटरनेट लागत नाही. बाहेर राहतो तो पैसे भरणारा.

आणि पैसे किती? मोठ्या कंपनीचा नवा कन्सोल गेम साधारण पाच हजार रुपयांना मिळतो. एवढं देऊनही तो पूर्ण झालेला असेलच असं नाही. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या कन्सोलवर इतका मोडका निघाला, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. पुढे तो दुरुस्त झाला, उत्तम झाला, हेही खरं. पण दुरुस्तीआधी विकायची घाई गिऱ्हाइकाला नव्हती.

मला सर्वांत जास्त चीड येते ती फुकटच्या मोबाइल गेमांची, कारण तिथे गिऱ्हाईक शाळेतलं पोर असतं. रुपयांचे आधी गेमातले कॉइन किंवा जेम करायचे, म्हणजे किती खर्च झाला ते कळत नाही. स्किनची, म्हणजे पात्राच्या नव्या पोशाखाची, किंमत अशी ठेवायची, की विकत घेतलेल्या पॅकमधले थोडे कॉइन नेहमी उरावेत आणि पुढचा पॅक घ्यावासा वाटावा. वर घड्याळ टिकटिकतं: ऑफर संपायला दोन तास. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली, तिच्यात ही खोटी घाई आहे. आत काय निघेल ते न सांगता पैसे देऊन उघडायची पेटी बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्येच जुगार ठरवली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी आणली, ते बरं झालं. पोरांपुढच्या या पेट्यांकडेही आता तितक्याच कडकपणे बघायला हवं.

हे परक्यांचं दुखणं म्हणून सोडता येत नाही, कारण पुण्यात गेम तयार होतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करायचं काम युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिलं, सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलं आणि २०२२ मध्ये माँट्रियलला हलवलं. ट्रेलर पाहून जगभरच्या गेमरांनी पुण्याच्या पोरांना शिव्या घातल्या. वेळापत्रक आणि बजेट ठरवणारे मात्र त्या शिव्यांतून सुटले. २०२० मध्येच पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यांना ठरवलेले पैसे जमवता आले नव्हते, तरी गेम झाला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पेट्या नाहीत, बक्षिसांसाठी वेगळे पैसे भरायचा बॅटल पास नाही. एकदा घ्यायचा आणि खेळायचा. ज्यांच्याकडे पैसा कमी त्यांना हे जमतं, तर बाकीच्यांना का नाही?

सर्व्हर कायम चालवणं परवडत नाही, असं कंपन्या म्हणतात. कायमचे सर्व्हर मागितलेत कुणी? रॉस स्कॉट या यूट्यूबरने २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेची मागणी एवढीच आहे, की दुकान बंद करताना गेम चालेल अशा स्थितीत सोडून जा. युरोपात तिच्या निवेदनावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. गेम असा चालू ठेवून जाणं अशक्यही नाही. ओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेच ‘द क्रू २’ला ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर केलं.

आपल्या ग्राहक प्राधिकरणाने दोन नियम करावेत. सर्व्हर किमान कोणत्या तारखेपर्यंत चालतील ते किमतीशेजारी छापा, आणि त्यानंतर गेम ऑफलाइन चालवण्याची सोय द्या, नाहीतर पैसे परत करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे फ्रिजच्या आणि विमानाच्या तिकिटांच्या तक्रारी रोज जातात. बंद पाडलेल्या गेमच्याही जायला हव्यात, बिलाच्या फोटोसकट.