रबरवाले सर

देवळालीत कुणाचा सीपीयू बंद पडला की "काय झालं?" असं कुणी विचारत नाही. "सरांना फोन लावला का?" एवढंच विचारतात. (देवळाली म्हणजे आमची, राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा. नाशिकची तोफखानावाली नव्हे. हे सांगावं लागतं, कारण पार्सलं तिकडे जाऊन येतात.) सर कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. 2001 नंतर गावोगाव एमएस-सीआयटीचे क्लास निघाले, तेव्हा ते अशाच एका क्लासवर होते. पुढे क्लास बंद झाला, 'सर' तेवढं शिल्लक राहिलं. असे सर राहुरीत आहेत, श्रीरामपुरातही आहेत. प्रत्येक गावाचा समज असा की आपलेच अस्सल.

सरांच्या बॅगेत एक स्क्रू ड्रायव्हर, तीन पेन ड्राइव्ह, थर्मल पेस्टची पिळून सपाट झालेली ट्यूब, सुट्या स्क्रूंनी भरलेली तंबाखूची डबी आणि एक खोडरबर असतो. फी ते सांगत नाहीत. "द्या काय द्यायचं ते," म्हणतात आणि दिलेल्या नोटेकडे इतका वेळ बघत राहतात की माणूस गुपचूप दुसरी काढतो.

सर काहीच दुरुस्त करत नाहीत असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. उलट ते फार दुरुस्त करतात. बिघाड एक असला तरी सर एका बैठकीत पाच-सहा गोष्टी बदलतात. त्यामुळे यंत्र सुरू झालं तरी ते कशाने झालं, हे सरांना कळत नाही, मालकाला कळत नाही, आणि यंत्राला तर कुणी विचारतच नाही. मग पुढच्या गिऱ्हाइकाला सगळे उपाय एकदम.

मागच्या लग्नसराईतली गोष्ट. इथल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं ग्राफिक्स कार्ड मागवलं, आरएक्स 580. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली असली कार्डं बाजारात स्वस्तात आली. विकणारा अर्थातच सांगतो, "एकहाती वापर, ऑफिसमधलं." पार्सल आधी नाशिकच्या देवळालीचं पाणी पिऊन मग आमच्याकडे आलं. आधीचं जीटी 730 बिचारं स्लॉटमधून मिळेल त्या विजेवर भागवायचं. आता स्लॉट देतो फार तर 75 वॅट, आणि या नव्या पाहुण्याला लागतात 185 च्या आसपास. उरलेली वीज आठ पिनच्या वेगळ्या वायरने एसएमपीएसकडून, म्हणजे सीपीयूला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून घ्यायची. स्टुडिओतल्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती, म्हणून दोन साध्या वायरी जोडून एक करणारा जुगाड लावला गेला. एसएमपीएसवर '450 वॅट' छापलेलं होतं. तो हातात घेतला की वजनावरून त्या छपाईवरचा विश्वास उडायचा.

अल्बम करताना सगळं ठीक. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की नवरदेव मांडवात पोचायच्या आत सीपीयू खटकन बंद. रोज. कामाचा भार वाढला की बंद पडतो, हा केवढा धागा होता! पण "कधी बंद पडतो?" हा प्रश्न सरांच्या शास्त्रात बसत नाही. ते आल्या आल्या म्हणाले, "रॅम."

रॅम निघाली, तिच्या सोनेरी दातांवर रबर फिरला. ब्लोअर मारला, स्टुडिओच्या सुरुवातीपासूनची धूळ समोरच्या किराणा दुकानापर्यंत गेली. पेस्ट लावली. स्टुडिओतल्या बारावीच्या पोराने धीर करून इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. त्यात 'कर्नेल-पॉवर 41' अशी नोंद होती. पंचनाम्यात 'इसम मयत आढळून आला' एवढंच लिहावं, तशी ही नोंद: यंत्र रीतसर बंद न होता गेलं, का गेलं ते सांगत नाही. पोरगं म्हणालं, जुन्या कार्डाचे ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन काढू या का? कार्डाची कंपनी बदलली की ते आधी काढलेले बरे, हे त्याचं खरंच होतं. सर हसले. "त्यापेक्षा फॉरमॅट मारू." आता फॉरमॅटने जुने ड्रायव्हर जातात हेही खरं, सोबत तीन लग्नांचे प्रोजेक्टही गेले.

मग सीपीयूचं झाकण काढून आत टेबलफॅन रोखला. या गडबडीत एसएमपीएसची एक वायर उंदराने कुरतडलेली दिसली. सरांनी बॅगेतून नाही, गाडीच्या डिकीतून एक जाडजूड एसएमपीएस आणला आणि बसवला. "तात्पुरता हं. एका फ्लेक्सवाल्याचा आहे."

एक्सपोर्ट शंभर टक्क्यांपर्यंत गेला. नवरदेव मांडवात आला, अक्षता पडल्या, पाठवणीसुद्धा झाली. स्टुडिओवाल्याने सरांना पेढे दिले. सर म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, रॅम."

आठवड्याभरात फ्लेक्सवाल्याने तगादा लावला. कुठल्याशा नेत्याचा वाढदिवस तोंडावर आला होता. सरांनी जाडजूड एसएमपीएस काढला, जुन्याच्या वायरीला टेप गुंडाळली आणि तो परत बसवला. त्याच संध्याकाळी हळदीच्या कार्यक्रमात सीपीयू गेला.

सर आले. पोरगं म्हणालं, "सर, एसएमपीएस बघायचा का? तो दुसरा होता तोवर..."

"पंखा फिरतोय ना त्याचा?"

"फिरतोय."

"मग तो चांगलाय." सरांनी रॅम काढून उजेडात धरली आणि बॅगेतला रबर चाचपला. तो झिजून वाटाण्याएवढा झाला होता. त्यांनी खिशातून दहाची नोट काढून पोराच्या हातात ठेवली. "पळ, दोन रबर घेऊन ये. आणि वासाचे आणू नको, त्याने रॅम चिकट होते."