हार तयार ठेवा, पण घालू नका

मालिकेतलं पात्र मेलं असं नेमकं कधी समजायचं? गाडी दरीत कोसळली म्हणून नाही. भिंतीवरच्या फोटोला हार चढला म्हणूनही नाही. कलाकाराने दुसऱ्या वाहिनीची मालिका धरली, की मगच निर्धास्तपणे तेरावं घालावं. हा नियम मराठी घरांत लहान पोरांनाही पाठ आहे. त्याची मूळ पीठं मात्र अमेरिकेत आहेत, आणि तिथे गेली काही वर्षं खुद्द दुपारच्या मालिकांचंच तेरावं घालायचं की थांबायचं, यावर खल चालू आहे.

घराणं मोठं जुनं. १९३० मध्ये इर्ना फिलिप्स या बाईंनी शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओवर ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू केलं. दुपारी बाईचे हात कामात असले तरी कान रिकामे असतात, हे साबणवाल्यांच्या लगेच ध्यानात आलं. १९३३ पासून ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ने ऑक्सिडॉल या धुण्याच्या पावडरीच्या पैशावर ‘मा पर्किन्स’ चालवली. कथेतल्या बाईने रडायचं, ऐकणारीने डोळे पुसायचे आणि महिनाअखेरीस वाण्याकडून ऑक्सिडॉल आणायचं, असा सरळ व्यवहार. फिलिप्सबाईंचीच ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि २००९ मध्ये संपली. तेवढ्या ७२ वर्षांत अमेरिकेत बारा वेळा राष्ट्राध्यक्ष बदलला, पण मालिकेतले घरगुती प्रश्न काही मिटले नाहीत.

मराठी मालिकेत सून एका साडीत तीन दिवस झोपते आणि लिपस्टिक हलत नाही, म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी थोरल्या पातीचे पराक्रम बघावेत. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’मधली मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मार्लीना हिला १९९० च्या दशकात सैतानाने झपाटलं आणि ती पलंगावरून अधांतरी उचलली गेली. ‘गायडिंग लाइट’च्या नायिकेचा १९९८ मध्ये चक्क क्लोन निघाला. ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये १९८१ साली खलनायकाने यंत्र लावून जग गोठवायला घेतलं होतं. नायक ल्यूकने ते वेळेत थांबवलं, कारण नोव्हेंबरात त्याचं लॉराशी लग्न ठरलेलं होतं. त्या लग्नाला सिनेतारका एलिझाबेथ टेलर हजर होती आणि टीव्हीसमोर सुमारे ३ कोटी वऱ्हाडी. अहेर अर्थातच जाहिरातदारांचा.

मग फासे फिरले. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रोज १९ दुपारच्या मालिका चालत. पण घरातल्या बायका नोकरीला बाहेर पडल्या, केबलवर पन्नास वाहिन्या आल्या, आणि १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरचा खून खटला महिनोन्‌महिने थेट दाखवला गेला. त्यात पैसा होता, प्रसिद्धी होती, रक्ताळलेला हातमोजा होता, आणि लेखकाला मानधन द्यावं लागत नव्हतं. मालिका बाजूला सारून खटला दाखवला, तो संपल्यावर प्रेक्षकातला मोठा भाग परतलाच नाही.

इथे कथेत हिशेबनिसाची एंट्री होते. तीस-चाळीस कलाकार, सेट, लेखकांची फौज हा खर्च कशाला? चार माणसं टेबलाभोवती बसवून गप्पा मारायला लावल्या तरी तास भरतो! ‘गायडिंग लाइट’ने शेवटी शेवटी सेट सोडून न्यू जर्सीतल्या एका गावात हातातल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं, तरी ती वाचली नाही. ४१ वर्षं चाललेली ‘ऑल माय चिल्ड्रन’ एबीसीने २०११ मध्ये बंद केली आणि त्या जागी ‘द च्यू’ हा खाण्यापिण्याचा कार्यक्रम आणला. चार महिन्यांनी ‘वन लाइफ टू लिव्ह’ काढून ‘द रेव्होल्यूशन’ आणला, त्यात वजन उतरवायला शिकवत. एकाच वाहिनीने प्रेक्षकाला आधी जेवू घातलं आणि मग काट्यावर उभं केलं. वजनवाला कार्यक्रम वर्षभरही टिकला नाही. खाणारा २०१८ मध्ये आटोपला. दरम्यान मारलेल्या दोन्ही मालिका २०१३ मध्ये इंटरनेटवर पुन्हा जिवंत झाल्या आणि त्याच वर्षी पुन्हा वारल्या. परंपरेला अगदी धरून!

२०२२ च्या सप्टेंबरात एनबीसीने ५७ वर्षांच्या ‘डेज’ला टीव्हीवरून उठवून ‘पीकॉक’ या ओटीटीवर धाडलं. गंमत अशी, की त्याच वर्षी ‘स्टार प्रवाह’ने ‘मुरांबा’ दुपारच्या वेळेत आणली. तिकडे दुपार ओस पडत होती, इकडे दुपारची झाकपाक उरकून मंडळी टीव्हीसमोर बसत होती.

आणि आता नवा ट्रॅक. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीएसने ‘बियॉन्ड द गेट्स’ ही दुपारची कोरी मालिका सुरू केली. १९९९ च्या ‘पॅशन्स’नंतर अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर असं घडलं नव्हतं. केंद्रस्थानी श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंब, निर्मात्यांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संस्था एनएएसीपी, आणि तिच्या शेजारी, ओळखलंत, प्रॉक्टर अँड गॅम्बल! जागा मिळाली ती ‘द टॉक’ हा गप्पांचा कार्यक्रम बंद झाल्यामुळे.

मोबाइलवर तर दुपार-रात्र हा भेदच उरलेला नाही. ‘रीलशॉर्ट’सारख्या अ‍ॅपवर उभ्या पडद्यात मिनिट-दीड मिनिटाचे भाग येतात. गरीब नवरा अब्जाधीश निघतो, सासरचे पाय धरतात, आणि कानाखाली बसणार इतक्यात भाग संपतो. पहिले काही भाग फुकट, पुढच्या थपडेचे पैसे. पूर्वी प्रेक्षकाच्या रडण्याचा खर्च साबण कंपनी उचलायची, आता तो ज्याचा त्याने करायचा आहे. भविष्य म्हणतात ते बहुधा हेच.

तेव्हा मराठी वाहिन्यांच्या हिशेबनिसांना एकच विनंती. टीआरपी घसरला की दुपारची मालिका उडवून तिथे पाककृती आणि गप्पा घालायची कल्पना सुचेलच. तो प्रयोग अमेरिकेत स्वतःच्या खर्चाने करून झालेला आहे. १९६३ मध्ये सुरू झालेलं ‘जनरल हॉस्पिटल’ मात्र अजून चालू आहे.