बोसासाहेब

कोल्हापुरात हळू बोलायची पद्धत नाही. रंकाळ्याच्या एका काठावरनं 'काय भावा' म्हटलं, की पलीकडच्या काठावरचा 'बोल की' म्हणतो. अशा गावात राहून आमच्या पेठेतल्या बोसासाहेबांनी शिकायला घेतलं ते पुटपुटत गायचं संगीत. पाळण्यातलं नाव आता त्यांच्या बायकोलाच आठवत असेल.

बोसा नोव्हा ब्राझीलचा. १९५८ साली जोआंव जिल्बेर्तोची तबकडी आली आणि अख्ख्या सांबाचा ताल एका गिटारवर ऐकू येऊ लागला. अंगठा जाड तारांवर ढोलाचं काम करतो, बाकीची बोटं कॉर्ड ठोक्याच्या जरा आगेमागे सोडतात आणि गाणारा शेजारच्याच्या कानात गुपित सांगावं तसा गातो. बोसासाहेब गुपित सांगायला बसले, की तिसऱ्या घरातला कुत्रा उठतो.

"पाया पक्का पायजे!" हे त्यांचं ब्रीद. म्हणून आधी बाराच्या बारा मेजर स्केल, मग गाणं. नायलॉनच्या तारांची गिटार आली, डाव्या पायाखाली पाट आला, उजव्या हाताची नखं वाढली. त्या हातानं भाकरी तांबड्या रश्श्यात कुस्करायची असल्यानं नखांचा रंग कायमचा ठरून गेला. जिल्बेर्तो बहिणीच्या घरी न्हाणीघरात रियाज करायचा, हे कुठंतरी वाचल्यापासून घरच्यांची अंघोळही स्केलवर अवलंबून आहे. "दाजी, डी मेजर संपला का? हापिसाला जायचंय!" मेव्हणा बादली घेऊन दाराशी उभा असतो.

शेजारच्या पेटी शिकवणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी खिडकीतून विचारलं, "बिलावल धरलास व्हय रं?"

"मावशी, सी मेजर आहे हा."

"म्हंजे पांढरी एकचा बिलावल."

महिन्यानं जी मेजर आला. मावशी म्हणाल्या, "आता पांढरी पाचचा." अल्लादियाखाँसाहेब ज्या गावच्या दरबारात गायले, जिथं गाण्याचा देवल क्लब १८८३ पासून आहे, त्या गावात सगळे शुद्ध स्वर नाव बदलून फिरले म्हणून ओळखायचे राहत नाहीत. बोसासाहेब मात्र दुखावले. महिन्याला एक स्केल असे वर्षाचे कष्ट मावशींनी षड्ज सरकवून चहा निवायच्या आत गाऊन दाखवले होते.

स्केल वाया जाते असं नाही. सा, ग, प, नी एकत्र दाबले की बोसा नोव्हाचा लाडका मेजर सेव्हन कॉर्ड होतो. पण इपानेमाच्या पोरीचं ते जगप्रसिद्ध गाणं मध्यावर सरळ अर्ध्या स्वरानं वर सरकतं. तिथं पाठ केलेली एक स्केल पुरत नाही. आणि खरी गोम आहे अंगठ्यात. साहेबांचा अंगठा अजून गिटारच्या कडेला टेकून आराम करतोय. रोज तालमीत जोर मारायचे आणि खासबागेच्या आखाड्यात उतरायचं नाही, असला हा पैलवान.

गेल्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी आग्रह केला, "साहेब, एक होऊ द्या की!" साहेबांनी नखांकडे बघितलं. "अजून एफ शार्प राहिलाय."

तेव्हा ज्याला बोसा नोव्हा खरंच वाजवायचाय, त्यानं पहिल्या दिवशी अंगठा कामाला लावावा. स्केलसाठी मावशी आहेत. संध्याकाळी पाचनंतर जावं, आणि सी मेजर हा शब्द मात्र काढू नये.