डागी आंबा आणि शनिवारची मॅच

रत्नागिरीत बसून इंग्लंडातला फुटबॉल बघायचा तर ऑफसाइड नाही कळला तरी भागतं. घड्याळ, पाऊस आणि आई, या तिघांचा अंदाज मात्र असावा लागतो.

प्रीमियर लीगची जुनी ठरलेली वेळ शनिवारी दुपारी तीनची. आपल्याकडे तेव्हा साडेसात, म्हणजे ऐन आईच्या मालिकेची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्रज आपली घड्याळं तासभर मागं घेतात आणि मॅच साडेआठवर जाते. मालिकेतून सुटलो म्हणावं, तर आतून हाक येते, "पानं घेतलीत!" आठवड्यातली रात्रीची मॅच थंडीत दीड वाजता सुरू होते. ती आवाज बंद करून बघायची आणि गोल झाला की उशीत तोंड खुपसून ओरडायचं.

मग पाऊस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच सुमारास फुटबॉलही बंद. मिरकरवाड्यातल्या होड्या दर्यात गेल्या की पाठोपाठ तिकडं हंगाम सुरू. पण ऑगस्टात आपला पाऊस कुठं सरलेला असतो? छपरावरच्या छत्रीवर सर कोसळली, की पेनल्टी मारायला धावलेला खेळाडू चौकोन चौकोन होऊन जागीच थिजतो. चित्र परत येतं तेव्हा गोल झालेला असतो आणि तो कसा झाला हे सांगायला कुणी नसतं. फोनवर बघावं, तर लाईट जाते आणि वायफाय तिच्या मागोमाग. एकदा मँचेस्टरलाही धो धो पाऊस चालला होता. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "त्यांची लाईट कशी रे जात नाही?"

त्याच मँचेस्टरात माझा मावसभाऊ राहतो, मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका शनिवारी त्याचा फोन आला. "काय करतोस?" "तुमच्याच गावची मॅच बघतोय. तू?" "रेडिओवर ऐकतोय."

मला वाटलं थट्टा करतोय. पण ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवत नाहीत. १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हे लावून धरलं. मोठ्या क्लबांची मॅच घरबसल्या दिसली, तर गावातल्या लहान क्लबच्या दारात पैसे मोजून कोण उभं राहणार? तेव्हा तिकीट मिळालं तर मैदानात जा, नाहीतर कान लावून बसा. इथं रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीअलीकडे बसलेल्या मला मात्र मुभा!

मी हे आईला नवलानं सांगितलं. तिला काहीच वाटलं नाही. "त्यात काय? पहिल्या प्रतीचा आंबा पेटीत भरून वाशीला जातो. आपण घरात डागीच खातो ना?"

मे महिन्यात हंगामाचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी वीसही संघ एकाच वेळी खेळतात, आपल्याकडे साडेआठला. मी डागी हापूसची ताटली घेऊन टीव्हीपुढं बसलो. रविवार असल्यानं भावालाही मॅच दिसत होती. व्हिडिओ कॉलवर त्यानं समोरची पेटी दाखवली. रत्नागिरी हापूस. एकेक फळ फिरवून फिरवून दाखवलं. डाग म्हणून नव्हता.

"गोड आहे का?" मी विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "पण मावशीला विचार, घरात डागी शिल्लक आहे का."